डब्यावरचं हसू

मावशी हसत होती, आणि ते पाहून भाऊ घाबरले.

एरवी घरातलं वडीलधारं माणूस हसताना दिसलं तर कोणालाही बरंच वाटेल. पण मावशी ही हसण्यातली बाई नव्हती. तिने सारी उमर इस्पितळात परिचारिका म्हणून काढली होती. ती वॉर्डात शिरली की रोगी आपणहून बरे व्हायचे, निदान बरे झालो असं सांगून घर तरी गाठायचे. अशी मावशी भाऊंच्या फोनमध्ये, एका गोल पत्र्याच्या डब्यावर, सगळे दात दाखवून हसत होती. तोच घट्ट अंबाडा, तोच गोल भिंगांचा चष्मा, उजव्या भुवईवरचा तोच तीळ. हसू तेवढं परक्याचं.

आणि खरी मावशी समोरच्या खुर्चीवर बसून चहात पाव बुडवत होती.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुठे कोण गेलं?"

"मग तोंड का उतरलंय तुझं?"

"काही नाही, उजेडामुळे तसं दिसत असेल."

भाऊंनी फोन पालथा घातला. मग तो आपोआप उताणा होईल की काय असं वाटून त्यावर बशी ठेवली. बशीखाली फोन आहे हे मावशीच्या लक्षात येऊ नये म्हणून बशीत पाव ठेवला, आणि पाव तसाच राहिला तर संशय येईल म्हणून तो खाल्लाही. भाऊंचं सगळं असंच असे. एक काळजी झाकायला ते दुसरी मांडत, आणि दुसरी झाकायला पावाचा तुकडा.

फोटो पाठवला होता लेकीने. ती लग्न होऊन तिकडे, दूरदेशी गेलेली. खाली तिने लिहिलं होतं, 'बाबा, तुम्ही इकडे सुईदोऱ्याचे डबे विकायला कधीपासून लागलात? आणि मावशीआजीला हसवलं कोणी?'

आता इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर भाऊंनी बशीवर पाव का ठेवला ते कळायचं नाही. भाऊंच्या घराच्या मागच्या खोलीत 'मावशीछाप मलम' तयार होत असे. गुडघा, कंबर, मान, पाठ, जिथे म्हणून माणूस दुखू शकतो तिथे लावायचं. मेण, तेल, कापूर, पुदिन्याचा अर्क आणि भाऊंच्या आईच्या हाताची एक युक्ती, जी आईने जाताना फक्त भाऊंना सांगितली. डब्यावर चेहरा मात्र आईने आपल्या धाकट्या बहिणीचा घातला. 'माझं तोंड बघून कोणाला औषध लावावंसं वाटायचं नाही,' आई म्हणायची, 'हिचं बघून न लावायची हिंमत व्हायची नाही.' चित्रकारापुढे मावशी बसली त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. त्यामुळे डब्यावरची मावशी अशी काही बघे, की मलम लावायच्या आधीच गुडघा सरळ होई.

मावशीने एकच अट घातली होती. आपलं तोंड फक्त घरात तयार झालेल्या मालावर दिसेल. परक्याच्या मालावर दिसलं, तर त्याच दिवशी घरच्या डब्यावरूनही ते उतरवायचं. भाऊंनी तसा शब्द दिला होता. आणि मावशीशिवाय मावशीछाप म्हणजे नुसताच कापूर. आईची उरलेली तेवढी एक गोष्ट त्या चेहऱ्याच्या आधाराने उभी होती.

म्हणून तो बशीवरचा पाव.

*

भाऊंनी ही गोष्ट बायकोखेरीज कोणालाही सांगायची नाही असं ठरवलं. त्यांची बायको, म्हणजे साऱ्या गल्लीच्या वहिनी. वहिनींनीही ती कोणालाही सांगितली नाही. फक्त वरच्या काकूंना विचारलं, की असं कोणाचं झालंय का. संध्याकाळपर्यंत केस कापणाऱ्यानेही भाऊंच्या मानेवर वस्तरा फिरवता फिरवता सल्ला दिला, "भाऊ, मी म्हणतो, आपणही हसरीच लावू या. खप वाढेल."

"मानेवर वस्तरा आहे म्हणून गप्प बसतो," भाऊ म्हणाले.

काकूंचं मत पडलं की त्यांनी आपलं छापलं, तर आपण त्यांचं काहीतरी छापावं. त्यांचं काय छापायचं ते मात्र काकूंना सुचलं नव्हतं. सर्वांत सविस्तर सल्ला शेजारच्या मास्तरांचा. मास्तरांनी शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर एका सामाईक भिंतीचा दावा लढवला. दावा ते हरले, पण कायदा अंगात राहिला, हिवताप राहतो तसा.

"भाऊ, घाबरू नका," मास्तर म्हणाले.

मास्तर असं म्हणाले की भाऊंना हमखास घाम फुटे.

"नामांकित चिन्हाला परदेशातही संरक्षण असतं. तिकडे आपली नोंदणी नसली तरी. तसा करारच आहे देशोदेशींचा."

"पण आपलं चिन्ह नामांकित आहे का?"

"म्हणजे काय! मला माहीत आहे की."

"तुम्ही शेजारी आहात, मास्तर."

"सगळी कीर्ती शेजारापासूनच सुरू होते," मास्तर म्हणाले आणि गुडघा चोळत उठले. "जरा डबा द्या बरं. वापरलेला, अर्धामुर्धा चालेल, विकायचा नको."

लेकीने तिकडे एक वकीलबाई गाठल्या. फोनच्या पडद्यावर त्या दिसल्या तेव्हा भाऊंनी कोट चढवला होता. खाली लेंगा होता, पण तो पडद्याबाहेर होता. वकीलबाई फार सावकाश बोलत, डॉक्टर वाईट बातमी सांगताना बोलतात तशा. लेक मध्ये बसून दोन्हीकडचं इकडचं तिकडे करी.

सुयांच्या एका व्यापाऱ्याने तो हसरा चेहरा आपल्या नावे नोंदवायला अर्ज केला होता. अर्ज सरकारी राजपत्रात छापूनही आला होता. हरकत घ्यायची मुदत संपत आली होती. ती संपली की चेहरा त्याचा.

"आणि मग आमचे डबे?" भाऊंनी विचारलं.

"बाबा, त्या म्हणतात, मग तुमचे डबे इकडे आले तर नकली म्हणून अडवतील."

"म्हणजे मावशीच नकली?"

लेकीने विचारलं. वकीलबाईंनी थोडा विचार करून मान डोलावली. कायद्याच्या दृष्टीने, हो.

भाऊंची डावी पापणी तेव्हा जी फडफडायला लागली, ती पुढे सगळं प्रकरण मिटेपर्यंत थांबली नाही. लोकांना वाटे भाऊ डोळा मारतात. भाजीवालीने तर वहिनींना तसं सांगितलंही.

वकीलबाईंचा प्रश्न सरळ होता. प्रसिद्ध आहात, तर त्या देशात प्रसिद्ध असल्याचं दाखवा. जाहिरात केली होती का?

"एकदा," भाऊ ताठ बसून म्हणाले. "शाळेच्या वार्षिक अंकात. शेवटच्या पानावर."

"तुमच्या शाळेच्या अंकात?"

"हो. छापखान्याकडून ती उलटी छापली गेली. पण त्यामुळे लोकांनी ती जास्त वेळ पाहिली."

लेकीने हे भाषांतर केलं की नाही, कोण जाणे. वकीलबाईंनी लिहून मात्र काही घेतलं नाही.

विक्री? तिकडे विक्री शून्य. मावशीछाप तिकडे जाई ते लोकांच्या बॅगांतून. ते दिवस आता राहिले नाहीत. कोणी परदेशी निघालं की त्याची बॅग पलंगावर उघडी पडलेली असे, आणि सारी गल्ली आपापलं पुडकं घेऊन त्याच्या घरी. हे माझ्या भावाला, हे माझ्या नणंदेला, हे तिच्या सासूच्या गुडघ्याला. जाणाऱ्याचे कपडे निम्मे बाहेर निघत आणि बुटांच्या पोकळीत मावशीछापचे डबे बसत. आपला माणूस कोणत्या रस्त्यावर राहतो हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसे, पण त्याचा कोणता गुडघा दुखतो हे पाठ असे. अशा बुटांत बसून मावशी तिकडे किती घरांत पोहोचली असेल, त्याला गणती नाही. आणि गणती नाही, हीच तर कायद्याची अडचण होती.

*

वकीलबाईंनी मुदतीच्या आत हरकत नोंदवली, आणि मग कागदांची वारी सुरू झाली. आधी मुखत्यारपत्र, वकीलबाईंना आपल्या वतीने बोलता यावं म्हणून. त्यावर एक शिक्का. मग तो शिक्का मारणाऱ्याची सही खरी आहे, असा वरच्या कचेरीचा शिक्का. मग त्या वरच्या कचेरीला ओळखणाऱ्या आणखी वरच्या कचेरीचा. भाऊ जिना चढत राहिले. प्रत्येक मजल्यावर एक माणूस खालच्या मजल्यावरच्या माणसाबद्दल साशंक होता.

शेवटच्या मजल्यावरच्या कारकुनाने कागद चाळले.

"चेहरा कोणाचा?"

"माझ्या मावशीचा."

"बाई हयात आहेत?"

"हयात आहेत," भाऊ म्हणाले. "फारच हयात आहेत."

"मग त्यांची संमती लागेल. सही आणि ताजा फोटो."

भाऊ मटकन बाकावर बसले. बाकावर आधीच एक माणूस बसला होता, त्याच्या मांडीवर.

मग सरकारमान्य भाषांतरकार. त्यांनी सांगितलं की तिकडच्या भाषेत मावशी, आत्या, काकू आणि मामी या सगळ्यांना मिळून शब्द एकच. भाऊ घरी येऊन वहिनींना म्हणाले, "ज्यांना आत्या आणि मावशीतला फरक कळत नाही, त्यांच्याकडे न्याय मागायला निघालोय मी."

"आधी फोटोचं बघा," वहिनी म्हणाल्या.

फोटोसाठी भाऊंनी योजना आखली. मावशीला पेन्शन होती, आणि पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत असा दाखला दर वर्षी द्यावा लागतो.

"मावशी, जरा भिंतीला टेकून उभी राहतेस? हयातीच्या दाखल्याला फोटो हवाय."

"तो मी मागच्याच महिन्यात दिलाय."

"त्यांचा हरवला."

"मी हरवले?"

"तू नाही गं. दाखला."

"एका वर्षात मी कितीदा जिवंत असल्याचं सांगायचं?" असं म्हणत का होईना, मावशी भिंतीला टेकली. भाऊंची इतकी घाई चालली होती की पहिल्या फोटोत नुसती भिंत आली आणि दुसऱ्यात दोन मावश्या. तिसरा जमला. मग भाऊंनी संमतीचा कागद बोटाने अर्धा झाकून पुढे केला.

"इथे एक सही."

"चष्मा आण," मावशी म्हणाली.

भाऊ चष्मा आणायला गेले ते थेट बाजारात गेले आणि जेवायच्या वेळेला परत आले. संमतीचा कागद त्यांच्या कोटाच्या खिशात तसाच कोरा राहिला.

वकीलबाईंना नमुन्याला डबे हवे होते. निरनिराळ्या काळातले, जुने. भाऊंनी घरात शोध घेतला. स्वयंपाकघराच्या फळीवरचा डबा उघडला, त्यात वहिनींची बटणं. पलंगाखालच्यात खिळे. देव्हाऱ्याजवळच्यात वाती. मावशीच्या उशाशी असलेल्यात चष्म्याचे सुटे स्क्रू आणि भाऊंचा पडलेला पहिला दात. मलम असलेला जुना डबा एकही नव्हता. भाऊंनी सगळी झाकणं टक् टक् लावून डबे परत जागेवर ठेवले. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं त्यांना तेव्हा वाटलं नाही. आपल्याकडे डबा कोण टाकतो? डबा टाकणारा माणूस उद्या भांडीही टाकेल.

शेवटी मास्तरांनीच नामी युक्ती काढली. "तिकडे आपली एवढी माणसं आहेत! प्रत्येकाला सांगा, घरातला मावशीछापचा डबा वकीलबाईंकडे पोचवा. डब्यांचा डोंगर उभा राहिला की न्यायाधीशाची काय बिशाद!"

गल्ली कामाला लागली. काकूंनी भावाला कळवलं, केस कापणाऱ्याने मेहुण्याला, वहिनींनी सगळ्या माहेराला. आणि प्रत्येकाला बजावलं, इकडे मावशीला कळता कामा नये. इतक्या माणसांनी एक गुपित इतक्या जोराने पाळल्याचं दुसरं उदाहरण नसेल. मावशी पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेली तरी वाटेतली माणसं एकदम हवापाण्यावर बोलायला लागत.

आणि डबे आले. लेकीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "बाबा, वकीलबाईंच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही. खुर्च्यांवर पण डबे आहेत."

मावशी देवळाकडे गेली होती. भाऊंनी मास्तरांना बोलावलं, काकू न बोलावता आल्या. पडद्यावर वकीलबाई डब्यांच्या ढिगामागून जेमतेम दिसत होत्या. नवे, जुने, रंग उडालेले, पोचे पडलेले. सगळ्यांवर मावशी, दाढ ठणकत असलेली. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता उघडून दाखवते," लेक म्हणाली.

पहिला डबा उघडला. बटणं.

दुसरा. सुया, दोरा आणि अंगठीसारखी ती शिवणाची टोपी.

तिसऱ्यात टाचण्या. चौथ्यात हुक, त्यात अडकलेलं एक कानातलं. पाचव्यात पुन्हा बटणं, आणि एक चिठ्ठी, 'बटणं परत पाठवणे'.

"तो खालचा बघ," भाऊ म्हणाले. "तो जड दिसतोय."

तो जड होता. त्यात कात्री होती.

वकीलबाई खुर्चीतले डबे बाजूला सारून बसल्या आणि सावकाश, फारच सावकाश बोलायला लागल्या.

"बाबा, त्या म्हणतात, हा चेहरा इथे प्रसिद्ध आहे यात आता शंका नाही."

"बघा!" मास्तर म्हणाले.

"पण सुईदोऱ्यासाठी. त्या व्यापाऱ्याचंही हेच म्हणणं आहे. तो म्हणतो, माझ्या दुकानात तुमच्याकडच्या ज्या ज्या बायका आल्या, त्यांनी पिशवीतून हाच डबा काढला. मला वाटलं तुमच्याकडे सुयांचा डबा असाच असतो, जुन्या काळापासून. त्याने फसवलेलं नाही, बाबा. त्याला खरंच तसं वाटलं."

"मलम कुठेच नाही?"

"एकातही नाही. त्या म्हणतात, आपण त्याचाच पुरावा गोळा करून दिलाय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मास्तर भूगोलाच्या तासाला खिडकीबाहेर बघत तसे बघायला लागले. भाऊंच्या हातात एक रिकामा डबा होता. त्याचं झाकण ते काढत होते आणि लावत होते. टक्. टक्.

"कोणाचा पुरावा?" दारातून आवाज आला.

मावशी देवळातून लवकर परतली होती.

*

काकूंनी प्रसंग सावरायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "काही नाही हो मावशी, तुमची ती तिकडची केस..." आणि मग स्वतःच जीभ चावली.

मावशीने हात पुढे केला. भाऊंनी फोन त्या हातात ठेवला, शाळेत पकडलेली चिंच बाईंच्या हातावर ठेवावी तसा. मावशी खुर्चीवर बसली. चष्मा पुसला. लेकीने पाठवलेला तो पहिला फोटो तिने पाहिला, मग लांब धरून पाहिला, मग जवळ धरून.

भाऊंना वाटलं, आता उतरलं. आता डब्यावरून तोंड उतरलं, आणि त्याच्याबरोबर आईही गेली.

"हे कधीपासून?"

"दोन महिने... म्हणजे, मी सांगणारच होतो गं."

"हयातीचा दाखला!" मावशी म्हणाली.

भाऊंनी हातातल्या डब्याचं झाकण लावलं. टक्.

"बाळ्या, मी आयुष्यात कधी अशी हसले आहे?"

"नाही, मावशी."

"तुझ्या मुंजीत?"

"नाही."

"तू नापास होता होता पास झालास तेव्हा?"

"तेव्हा तू मारलं होतंस."

"मग या माणसाने हे आणलं कुठून?" मावशीने फोन टेबलावर ठेवला, पालथा. "सुनावणी कधी आहे?"

"तू कशाला त्या..."

"तोंड कोणाचं आहे?"

कोटाच्या खिशातून भाऊंनी संमतीचा कागद काढला. मावशीने तो अथपासून इतिपर्यंत वाचला, एक शब्द खोडून दुरुस्त केला आणि सही केली.

सुनावणी पडद्यावरच होती, इकडच्या दुपारी. मावशीने पांढरं स्वच्छ पातळ नेसलं, अंबाडा नेहमीपेक्षा घट्ट घातला. भाऊ शेजारी बसले, पापणी फडफडत. त्यांच्या पाठीमागे, पडद्यात दिसायचं नाही या बोलीवर, निम्मी गल्ली उभी होती.

पलीकडे एक वयस्क अधिकारी होते. त्यांना सर्दी झालेली होती, सारखा रुमाल नाकाला. एका बाजूला वकीलबाई आणि लेक, दुसऱ्या बाजूला तो व्यापारी, घाबरट चेहऱ्याचा, भाऊंसारखाच. मध्ये टेबलभर डबे.

व्यापाऱ्याचा वकील म्हणाला, हे चित्र कोणा खऱ्या बाईचं नाही, कल्पनेतली म्हातारी आहे. अधिकाऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यातून मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. अधिकारी खुर्चीत सरळ बसले. तो मुद्दा तिथेच संपला.

"पण आमच्या चित्रातली बाई हसते आहे," वकील म्हणाला. "खात्री करायची तर यांनीही एकदा..."

"त्याची गरज नाही," अधिकारी घाईघाईने म्हणाले.

मग डब्यांचा मुद्दा आला. वकिलाने एकेक झाकण उघडून आतल्या सुया आणि बटणं दाखवायला सुरुवात केली. भाऊंनी डोळे मिटले. त्यामुळे शेजारी काय होतंय ते त्यांना दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं.

"अगं बाई! हे असेच पाठवले?" मावशी पडद्याला नाक लावून बघत होती. "तो डबा बघ, कडेला पिवळं दिसतंय अजून! धुतले नाहीत मेल्यांनी. कितीदा सांगितलं, मलम संपलं की आधी कढत पाण्याने धुवा, मग सोडा लावा, मग उन्हात ठेवा, आणि मगच काय ते भरा. हे तसंच आपलं बोट फिरवलं आणि बटणं ओतली! वास मारत असेल सगळ्या बटणांना. त्या काकूच्या भावाचा ना तो? आळशीच आहे, लहानपणापासून!"

"मावशी, हळू," भाऊ कुजबुजले. "कोर्ट आहे."

"कोर्टात घाणेरडे डबे चालतात का?"

अधिकाऱ्यांनी लेकीला विचारलं, बाई एवढ्या रागावून काय म्हणताहेत? लेक गोंधळली. वकीलबाईंकडे बघितलं, आणि मग जे होतं ते सांगून टाकलं. मावशीआजी म्हणते, मलम संपल्यावर डबे नीट धुतलेले नाहीत.

अधिकारी थांबले. त्यांनी काकूंच्या आळशी भावाचा डबा उचलला, बटणं कागदावर ओतली आणि सर्दीने चोंदलेलं नाक डब्यात घातलं.

क्षणभर काही झालं नाही. मग त्यांचे डोळे मोठे झाले. मग भरून आले. मग त्यांना जी शिंक आली, ती इकडे गल्लीत ऐकू आली. त्यांनी रुमाल बाजूला केला, आणि बऱ्याच वेळाने, लोकांनी सांगितलं की कित्येक दिवसांनी, दोन्ही नाकपुड्यांनी मोकळा श्वास घेतला.

त्यांनी दुसरा डबा उघडला. तिसरा. टाचण्यांचा, हुकांचा, कात्रीचा. प्रत्येकात कापूर आणि पुदिना. शेवटी त्यांनी व्यापाऱ्याचा कोरा करकरीत डबा उघडून हुंगला. नुसता पत्रा.

"म्हणजे," अधिकारी डोळे पुसत म्हणाले, आणि लेकीने ते इकडे सांगितलं, "या प्रत्येक डब्यात आधी मलम होतं, आणि ते कोणीतरी संपवलं."

"मग?" मावशी म्हणाली. "भरल्या डब्यात बटणं कशी घालणार?"

*

हरकत मान्य झाली. गल्लीने भाऊंना खांद्यावर घ्यायचं ठरवलं, पण मास्तरांचा गुडघा आडवा आला. भाऊंची पापणी मात्र थांबली नाही. कारण सुयांच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. त्याने माफी मागितली होती, आणि विचारलं होतं की नोंदणीचं सोडा, पण नुसत्या सुयांच्या डब्यावर तो चेहरा परवानगीने ठेवता येईल का? बायका तोच डबा मागतात.

"अजिबात नाही!" भाऊ म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांना कोणालातरी ठणकावून नाही म्हणायला मिळत होतं. "शब्द दिलाय मी. परक्याच्या मालावर मावशी दिसणार नाही."

मावशी खिडकीशी बसली होती. तिने भाऊंना लेकीला फोन लावायला सांगितलं.

"काय गं, तो पहिला हसरा डबा तू का घेतलास? तुला शिवता तरी येतं का?"

लेक म्हणाली, "दुकानात दूध आणायला गेले होते, मावशीआजी. सुयांच्या फळीवर तू दिसलीस. मग काय, उचलला. आता स्वयंपाकघरात ठेवलाय."

"रडत असशील."

"पहिल्या दिवशी. थोडी."

"दूध आणलंस की विसरलीस?"

"विसरले."

मावशीने फोन भाऊंना परत दिला.

"त्याला परवानगी दे," ती म्हणाली.

"अगं, पण तुझी अट?"

"अट माझी होती, मी बघेन तिचं. राहू दे तिकडे दुकानात माझं तोंड. पोरीला दिसतं. पण त्याला लिही, हसू काढायचं. आधी होतं तसं करायचं. हसऱ्या तोंडाचं ती ऐकायची नाही, रोज दूध विसरेल."

मग पुन्हा कागद, पुन्हा जिने, पुन्हा एकमेकांबद्दल साशंक असलेले मजले. करार झाला. त्यांच्या डब्यात फक्त सुया, आपल्या डब्यात फक्त मलम. कलम मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवलं, भाऊंनी ते पाठ केलं. आणि पापणी थांबली.

काही दिवसांनी तिकडून नमुन्याचं पार्सल आलं. नवा डबा सुरेख होता. जाड पत्रा, घट्ट झाकण, आणि वर मावशी, दाढ ठणकत असलेली. सारं घर तो हातात घेऊन बघत असताना मास्तर लंगडत आत आले.

"भाऊ, जरा डबा द्या बरं. आज गुडघा फारच बोलतोय."

भाऊ मागच्या खोलीत गेले आणि तसेच परत आले. पत्र्याचे डबे करणाऱ्याने या आठवड्याचा माल दिलाच नव्हता. कढईत मलम होतं, पण भरायला रिकामा डबा एकही नव्हता. घरातला प्रत्येक डबा कशाने ना कशाने भरलेला.

मावशी उठली. तिने तिकडून आलेला नवा डबा घेतला, सुया आणि दोरे ओट्यावर ओतले, कढत पाण्याने तो धुतला, कोरडा केला, आणि चमच्याने त्यात काठोकाठ मलम भरलं.

"मावशी!" भाऊंचा आवाज फाटला. "त्या डब्यात मलम भरायचं नाही! कलम आहे! त्याला कळलं तर तो आपल्यावर..."

"चांगला डबा आहे, वाया कसा घालवायचा?" मावशीने झाकण लावलं. टक्. "घ्या हो मास्तर. आणि संपला की धुऊन परत आणा. सुया मोकळ्या पडल्यात."

मास्तर डबा घेऊन, गुडघा चोळत, सगळ्यांच्या देखत रस्त्याने निघाले. भाऊ दारात उभे राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. डावी पापणी हळूहळू फडफडायला लागली होती. पलीकडून जाणारी भाजीवाली थबकली, आणि तिने टोपली सावरून रस्ता बदलला.